पर्ड्यू चॅम्पियन का होत नाही, आणि २०२४ ची टीम खरंच त्या लायकीची होती का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांचा पुतण्या अमेरिकेत पर्ड्यू युनिव्हर्सिटीत एमएस करतोय, आणि मार्चमधली कॉलेज टुर्नामेंट आली की त्याच्या रूमवर दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते आपली बास्केटबॉल टीम दरवर्षी भारी असते, फक्त नशीब नाही. दुसरी म्हणते कसलं नशीब, एक उंच माणूस आणि बाकी चार जण टाळ्या वाजवायला, मोठी मॅच आली की हातपाय गाळतात. तर २०२४ ची टीम खरंच चॅम्पियन व्हायच्या लायकीची होती का, आणि पुढे कधी होणार असेल तर ते आधी कशावरून ओळखायचं?

मी आधी खेळायचे, आता कॉलेजच्या मुलामुलींना कोचिंग करते, आणि त्यातला अर्धा वेळ मॅचचा व्हिडिओ थांबवून मागेपुढे करण्यात जातो, त्यामुळे उत्तर त्याच नजरेने देते. पर्ड्यूशी माझं काही देणंघेणं नाही.

हो, होती लायकीची. २०२४ ची फायनल ती टीम हरली ती घाबरली म्हणून नाही, समोरच्याने तिची अर्धी ताकद शांतपणे काढून घेतली म्हणून. पण दुसरी पार्टी पण पूर्ण चूक नाहीये, २०२३ ला त्यांचंच बरोबर होतं. आणि गंमत बघा, दोन्ही वर्षी उंच माणूस तोच होता, झॅक एडी, ७ फूट ४ इंच. मग भांडण एडीवरून कशाला, बाकीच्या चौघांवरून भांडा ना.

आधी जरा हिशोब करू, कारण फॅन लोक "चान्स" हा शब्द फार सैल वापरतात. एनसीएए (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संस्था) टुर्नामेंटला ६८ टीम, एक मॅच हरली की बॅग भरा, आणि मोठ्या टीमला चॅम्पियन व्हायला सलग सहा जिंकाव्या लागतात. समजा तुमची टीम इतकी तगडी आहे की प्रत्येक मॅच जिंकायची शक्यता ८० टक्के. ते सहा वेळा गुणलं की २६ टक्के येतात. ९० धरा, तरी ५३ च्या आसपास. आणि ९० धरणं म्हणजे फारच झालं, कारण शेवटच्या दोन-तीन मॅचला समोर तुमच्या तोडीचीच टीम असते. म्हणजे देशातली सगळ्यात चांगली टीम असली तरी चारातल्या तीन वेळा ती चॅम्पियन होणार नाही, हे धरूनच चालायचं. २०२३ च्या वर्ल्ड कपला आपली टीम सलग दहा मॅच जिंकून अहमदाबादला फायनल हरली, ती टीम वाईट होती असं कोणी शहाणा माणूस म्हणतो का? तसंच हे. २०१५ ला केंटकी ३८-० होती, विस्कॉन्सिनने ७१-६४ ने बाहेर काढली. २०२१ ला गोन्झागा ३१-० करून फायनलला आली आणि बेलरने ८६-७० असं धुतलं. पुरुषांमध्ये एकही मॅच न हरता चॅम्पियन झालेली शेवटची टीम १९७६ ची इंडियाना. (इंडियाना म्हणजे पर्ड्यूची शेजारीण आणि हाडवैरी, तिच्याकडे पाच टायटल आहेत आणि पर्ड्यूकडे एक पण नाही. पुतण्याच्या रूमवर हा विषय जपून काढा.)

त्यात पर्ड्यूचं दुखणं जरा जास्त जुनं आहे. बिग टेन ही त्यांची लीग, त्यात रेग्युलर सीझनची सगळ्यात जास्त टायटल यांच्याच नावावर. म्हणजे चार महिने सातत्याने चांगलं खेळणं त्यांना जमतं, त्यात वादच नाही. जॉन वूडन हा माणूस खेळाडू म्हणून पर्ड्यूचा, आणि कोच म्हणून त्याने यूसीएलएला १९६४ ते १९७५ मध्ये दहा टायटल मिळवून दिली, त्यातलं १९६९ चं तर फायनलमध्ये पर्ड्यूलाच ९२-७२ हरवून. घरच्याच माणसाने असं केल्यावर बोलणार काय.

आता २०२३ वर येऊ. पर्ड्यू नंबर एक सीड (सीड म्हणजे टुर्नामेंटआधी दिलेलं मानांकन), समोर फेअरली डिकिन्सन, सोळावी सीड, मेन ड्रॉला यायला पण त्यांना आधी एक क्वालिफायर मॅच खेळायला लागलेली, आणि उंचीने त्या वर्षी सगळ्या डिव्हिजन वनमधली (कॉलेजची सगळ्यात वरची श्रेणी) सगळ्यात बुटकी टीम. निकाल ६३-५८, पर्ड्यू घरी. एडीने २१ पॉइंट आणि १५ रिबाउंड (चुकलेल्या शॉटचे पकडलेले बॉल) काढले, म्हणजे त्याने त्याचं काम केलं. हरवलं ते दोन आकड्यांनी: थ्री पॉइंटर (लांबून मारलेला, पडला तर तीन पॉइंट) २६ मारले आणि पडले ५, आणि टर्नओव्हर, म्हणजे शॉट न मारताच गमावलेले बॉल, १६.

त्या मॅचचा व्हिडिओ मी मुलांना दाखवते. फेअरली डिकिन्सनने एडीला मागून अडवलंच नाही, बुटक्या माणसाने मागून अडवून उपयोग काय. एक जण त्याच्या पुढे उभा, म्हणजे पास आत जाणार कसा, आणि पास वरून टाकलाच तर मागून दुसरा येणार. आणि बाकीचे गार्ड (बाहेरून खेळणारे चपळ खेळाडू) बॉल घेऊन येणाऱ्याच्या अंगावर, पूर्ण कोर्टभर. बॉल घेऊन येणारे दोघं, ब्रेडन स्मिथ आणि फ्लेचर लॉयर, दोघंही पहिल्या वर्षाचे. बॉल अर्ध्या कोर्टात येईपर्यंतच शॉट क्लॉकचे (शॉट मारायच्या वेळमर्यादेचे) आठ-नऊ सेकंद खर्च व्हायचे, मग एडीला पास देता येईना, मग कोपऱ्यातला मोकळा माणूस थ्री मारणार, तो पडेना, आणि एक-दोन चुकले की तिसरा मारताना हात कसा आखडतो ते चेहऱ्यावर दिसतं. आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत हे दरवर्षी होतं बरं का. कुठल्या तरी कॉलेजला साडेसहा फुटी मुलगा मिळतो, कोच सगळी टीम त्याच्याभोवती बांधतो, आणि सेमीफायनलला एखादी चपळ टीम फुल कोर्ट प्रेस लावते की तो बिचारा समोरच्या बास्केटखाली हात वर करून उभा, बॉल त्याच्यापर्यंत पोचतच नाही. लोक मग म्हणतात उंच पोरगा फेल गेला. अहो बॉल कुठे दिला त्याला?

म्हणून २०२३ नंतर कोच मॅट पेंटरने काय केलं ते महत्त्वाचं. सिस्टीम बदलली नाही, एडीला बाहेर खेळवायचे प्रयोग केले नाहीत, सदर्न इलिनॉयमधून लान्स जोन्स नावाचा एक अनुभवी गार्ड ट्रान्सफर करून आणला. बॉल हँडल करणारा अजून एक माणूस, पायाने वेगवान, डिफेन्सला चिवट, आणि थ्री मारायला न घाबरणारा. वरवर बघितलं तर छोटी खरेदी. पण स्मिथवरचं अर्धं ओझं उतरलं, स्मिथ आणि लॉयर पण एक वर्षाने मोठे झालेले, आणि टीमचा थ्रीचा टक्का ४० च्या वर गेला, देशात पहिल्या दोन-तीनात. आता एडीवर दोघं धावले की बॉल बाहेर, आणि बाहेर चार मारणारे. कुठून कुठून अडवणार?

आणि मग ती टुर्नामेंट. ग्रॅम्ब्लिंगला ७८-५०, युटा स्टेटला १०६-६७, गोन्झागाला ८०-६८. टेनेसीला ७२-६६, त्या मॅचला समोरून डाल्टन क्नेक्टने ३७ पॉइंट काढले आणि एडीने ४० पॉइंट, १६ रिबाउंड, म्हणजे दोघांची खासगी मॅच आणि बाकीचे साक्षीदार. सेमीफायनलला एनसी स्टेटविरुद्ध ६३-५०, तेव्हा एडीने २० केले आणि टीमचे १० थ्री पडले. १९८० नंतरची पहिली फायनल फोर (शेवटच्या चार टीम) आणि १९६९ नंतरची पहिली फायनल. मागच्याच वर्षी सोळाव्या सीडकडून हरलेली टीम ही. याआधी असं एकदाच झालेलं, व्हर्जिनिया २०१८ ला यूएमबीसीकडून ७४-५४ हरली आणि २०१९ ला चॅम्पियन झाली, आणि हो, वाटेत तिने ओव्हरटाइमला ८०-७५ ने हरवली ती पर्ड्यूच. त्या मॅचला पर्ड्यूच्या कार्सन एडवर्ड्सने ४२ पॉइंट मारलेले, दहा थ्री! नशीबवाल्या पार्टीला पुरावा हवा असेल तर तो २०१९ ला आहे, २०२४ ला नाही.

८ एप्रिल २०२४, अ‍ॅरिझोनात ग्लेनडेलला फायनल, समोर कनेटिकट, म्हणजे यूकॉन. ७५-६०. एडी ३७ पॉइंट, १० रिबाउंड. बाकी सगळ्या टीमचे मिळून २३. आणि पर्ड्यूने पूर्ण मॅचमध्ये थ्री मारले किती? सात. पडला एक. सीझनभर मॅचला वीसच्या आसपास मारणारी टीम ही!

दुसरी पार्टी इथे म्हणणार, बघा, एकटाच खेळला, बाकीचे गायब. नाही हो, गायब झाले नाहीत, त्यांना गायब केलं. व्हिडिओ लावा आणि बॉलकडे बघू नका, बॉल एडीकडे गेला की कोपऱ्यात उभ्या असलेल्या शूटरच्या डिफेंडरकडे बघा. सीझनभर सगळ्या टीमचा तो डिफेंडर एक-दोन पावलं आत यायचा, एडीच्या अंगावर खोटं का होईना धावायचा, हात मारायचा, आणि तेवढ्यात बॉल बाहेर जाऊन थ्री पडायचा. यूकॉनचा माणूस हलतच नाही. हाताच्या अंतरावर शूटरला चिकटून, मान फक्त वळते. एडी आत दोन ड्रिबल मारतोय, खांद्याने ढकलतोय, वळून हूक मारतोय, मारू दे. त्याच्यामागे ७ फूट २ इंचाचा डॉनोव्हन क्लिंगन एकटा. एडीने २५ शॉट मारले, १५ पडले.

आता आकडेमोड बघा, मला ही फार आवडते. २५ पैकी १५ म्हणजे एका शॉटला सरासरी १.२ पॉइंट. पर्ड्यूचा ४० टक्क्यांचा थ्री, तो पण एका शॉटला १.२ पॉइंट. म्हणजे दोन्ही सारख्याच किमतीचे, मग यूकॉनने एक देऊन दुसरा अडवला त्यात काय कमावलं? कमावलं असं की नॉर्मल दिवशी पर्ड्यूला हे दोन्ही मिळायचे, एकातून दुसरं निघायचं, एडीवर दोघं गेले की थ्री आणि थ्रीच्या भीतीने एडी मोकळा. यूकॉनने ती साखळीच तोडली. एडीचे १.२ मान्य केले, आणि बाकीच्या चौघांना थ्रीच्या जागी काय उरलं, तर धावत-धावत अंगावर माणूस घेऊन मारलेले मधल्या अंतरातले शॉट, ज्यांची किंमत एकच्या पण खाली. शिवाय एडी जवळजवळ पूर्ण मॅच कोर्टवर, पोस्टमध्ये, म्हणजे बास्केटजवळ, प्रत्येक वेळी क्लिंगनला ढकलायचं आणि दुसऱ्या टोकाला परत त्याच्याशीच झुंजायचं. हाफ टाइमला ३६-३० होतं, मॅच जिवंत होती. नंतर यूकॉनचे गार्ड स्क्रीन घेऊन घेऊन एडीला पिक अँड रोलमध्ये (एक जण डिफेंडरची वाट अडवतो, दुसरा बॉल घेऊन निघतो) ओढत राहिले, तो बास्केट सांभाळायला मागे थांबला की मधे मोकळी जागा, ट्रिस्टन न्यूटनने २० पॉइंट काढले आणि फायनल फोरचा सगळ्यात भारी खेळाडू पण तोच ठरला.

एक नियमाची गोष्ट इथे महत्त्वाची आहे, फक्त एनबीए बघणाऱ्यांच्या ती लक्षात येत नाही. एनबीएत डिफेन्सच्या माणसाला कोणाला गार्ड न करता पेंटमध्ये (बास्केटखालच्या रंगवलेल्या जागेत) तीन सेकंदांच्या वर उभं राहता येत नाही. कॉलेजला तो नियम नाही, आपल्याकडे फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या) नियमांनी खेळतो तिथेही नाही. त्यामुळे क्लिंगनसारखा खांब बास्केटखाली तळ ठोकून बसू शकतो. हा नियम नसल्याचा फायदा एडीला सीझनभर झाला, फायनलला समोरच्यालाही झाला. उंच सेंटरची (बास्केटजवळ खेळणाऱ्याची) किंमत कॉलेजमध्ये जास्त का, त्याचं एक मोठं कारण हे.

मग विचाराल, ही युक्ती आधी कोणी का नाही केली? सोपं आहे, क्लिंगन कुठून आणणार. एडीला एकट्याने, फाउलमध्ये न अडकता, इतका वेळ झेलणारा माणूस देशात शोधून एखादा सापडायचा, आणि तोच नेमका देशातल्या सगळ्यात चांगल्या टीममध्ये होता. यूकॉनने त्या टुर्नामेंटच्या सहा मॅच एकूण १४० पॉइंटच्या फरकाने जिंकल्या, सगळ्यात जवळची मॅच १४ ची. इलिनॉयविरुद्ध तर सलग ३० पॉइंट काढले आणि समोरच्याला भोपळा! त्याआधी २०२३ ला पण तेच चॅम्पियन. अशा टीमकडून फायनलला १५ ने हरणं याला हातपाय गाळणं म्हणत असाल तर मग त्या वर्षी अख्ख्या अमेरिकेने गाळले. माझ्या मते २०२४ ची पर्ड्यू ही दुसऱ्या कुठल्याही साधारण वर्षी चॅम्पियन व्हायची अगदी पक्की दावेदार होती.

२०२५ चं थोडक्यात. एडी एनबीएत गेला, पर्ड्यू चौथी सीड, आणि सगळ्यांना वाटलं आता संपलं. तरी ह्यूस्टनशी इंडियानापोलिसला, म्हणजे घरापासून तासाभराच्या रस्त्यावर, शेवटच्या सेकंदापर्यंत मॅच नेली. ६०-६० असताना ह्यूस्टनच्या मिलोस उझानने साइडलाइनवरून बॉल आत टाकला, पटकन बास्केटकडे पळाला, जोसेफ टगलरने तो त्यालाच परत दिला, ले-अप, ६२-६०, घड्याळात सेकंदभर पण उरला नव्हता. त्या मॅचला स्मिथने १५ असिस्ट (ज्यावर दुसऱ्याने बास्केट केली ते पास) केले! दोन वर्षांपूर्वी सोळाव्या सीडपुढे गडबडलेला हाच तो मुलगा. ह्यूस्टन पुढे फायनलला गेली आणि फ्लोरिडाकडून ६५-६३ ने हरली. म्हणजे एडी नसताना पण पर्ड्यू फायनलिस्टच्या बरोबरीला होती, तेव्हा "एक उंच माणूस आणि चार प्रेक्षक" हे वाक्य आता बंद करा.

आता पुढच्या कुठल्या पण वर्षी पर्ड्यूचा चान्स कसा बघायचा. केनपॉम या आकडेवारीच्या साइटची रेटिंग बघायची असेल तर जरूर बघा, ती १०० पझेशनमागे (बॉल शंभर वेळा ताब्यात आल्यावर) किती पॉइंट काढता आणि किती देता हे समोरच्या टीमच्या ताकदीप्रमाणे दुरुस्त करून सांगते, आणि बहुतेक चॅम्पियन दोन्ही बाजूंनी पहिल्या वीस-पंचवीसात असतात. पर्ड्यूचा ऑफेन्स तिथे बहुतेक वर्षी असतो, डिफेन्स कधी कधी घसरतो, तेव्हा तोच कॉलम आधी बघा. पण रेटिंगने मला एवढंच कळतं की टीम दावेदार आहे की नाही. हरली तर कोणाकडून आणि कशी हरेल हे कळायला मी दोन गोष्टी बघते. एक, मुख्य गार्डला समोरच्याने घट्ट पकडलं तर बॉल वर आणणारा दुसरा कोण? २०२३ ला उत्तर नव्हतं, २०२४ ला लान्स जोन्स होता. फक्त हा एक प्रश्न विचारलात तरी निम्म्या टीम तुमच्या ब्रॅकेटमधून (कोण कुठवर जाईल याच्या अंदाजाच्या तक्त्यातून) आपोआप गळतील. दोन, थ्रीचा टक्का नाही, थ्री किती मारायला मिळतात ते. टक्का ही तुमची कला आहे, पण मारायला मिळणं हे समोरच्याच्या हातात आहे, आणि यूकॉनसारखा शिस्तीचा डिफेन्स समोर आला की ते वीसाचे सात होतात. त्या दिवशी तुमच्याकडे दुसरं काय आहे? फाउल काढून फ्री थ्रोवर जाणारा कोणी आहे? स्वतःच्या जोरावर बास्केटपर्यंत जाणारा विंग (कडेने खेळणारा) आहे? ऑफेन्सिव्ह रिबाउंड आहेत? पर्ड्यूची खरी कमी मला अजून इथेच वाटते, सिस्टीममधून शॉट छान निघतात, पण सिस्टीम अडली की कोणाला तरी बॉल देऊन "तू बघ" म्हणता येईल असा मोठा, ताकदवान विंग त्यांच्याकडे क्वचित असतो.

आणि एक बाजू पर्ड्यूच्या फायद्याची. आता ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलायची सोय) आणि खेळाडूंना मिळणारे पैसे यामुळे निम्मी टीम दरवर्षी बदलते, तिथे पेंटरची मुलं टिकतात. एडी चार वर्षं राहिला, स्मिथ, लॉयर आणि ट्रे कॉफमन-रेन पण चौथ्या वर्षापर्यंत तिथेच. एकत्र तीन-चार सीझन खेळलेले गार्ड आणि सेंटर यांची पिक अँड रोलची समज पैशाने एका उन्हाळ्यात विकत मिळत नाही. अशी तयार झालेली तुकडी असेल त्या वर्षी माझ्या ब्रॅकेटमध्ये मी त्यांना डोळे झाकून फायनल फोरपर्यंत नेते. त्याच्या पुढे मात्र नाव बघत नाही, समोर कोण आहे ते बघते: त्यांच्याकडे पोस्टमध्ये एकट्याने उभा राहणारा सेंटर आहे का, आणि त्यांच्या गार्डना बॉल आत गेल्यावर जागा न सोडण्याची शिस्त आहे का. पुतण्याला सांगा, मॅचची पहिली आठ-दहा मिनिटं कोपऱ्यातल्या त्या डिफेंडरवर नजर ठेव. तो आत पाऊल टाकत असेल तर पर्ड्यूवर पैज लावायला हरकत नाही. जागेवरून हलत नसेल तर दुसऱ्या पार्टीत जाऊन बस.